डेबियन १२ आणि लॅपटॉपच्या कीबोर्डची वरची ओळ

जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली डेबियन १२ ही लिनक्सवर आधारलेली मुक्तस्रोत संगणकप्रणाली मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर ग्नोम ४३ या डेस्कटॉपसह बसवली, आणि पहिल्याच संध्याकाळी वरच्या ओळीतील एफ१ ते एफ१२ या बाराही कळा एकेक करून दाबून पाहिल्या. कारण लिनक्स बसवताना वायफायच्या खालोखाल मला याच कळांनी आजवर छळले आहे. आवाज कमी-जास्त करणे, तो बंद करणे, कीबोर्डखालचा दिवा आणि विमान मोड या कळा कोणताही ड्रायव्हर न शोधता चालल्या. दुसरा पडदा जोडण्याची कळही चालली.

अडले ते पडद्याच्या उजेडापाशी. कळ दाबली की ग्नोमची पट्टी इमानेइतबारे सरके, पडदा मात्र तसाच राही. अशा वेळी दोष नेमका कोणाचा हे शोधता येते, आणि या प्रणालीचे मला सर्वांत मोल वाटते ते येथेच. इव्हटेस्ट हे छोटे साधन टर्मिनलमधून चालवले, तेव्हा उजेड कमी करणारी कळ २२४ आणि वाढवणारी २२५ हा क्रमांक बिनचूक पाठवत असल्याचे दिसले; म्हणजे कळ ठीक होती, कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तोही ती ऐकत होता, आणि बिघाड पडद्याचा दिवा ज्या मार्गाने नियंत्रित होतो त्या मार्गात होता. ग्रब, म्हणजे लॅपटॉप चालू होताना प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम, त्याच्या सेटिंगमध्ये 'एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह' (acpi_backlight=native) एवढे जोडून, ग्रब अद्ययावत करून लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि प्रश्न मिटला. मात्र ज्याला फक्त पत्र टंकायचे आहे, त्याच्याकडून ही खटपट अपेक्षिणे अन्यायाचे आहे.

मायक्रोफोन बंद करण्याच्या कळेची गोष्ट अधिक गमतीची आहे. कर्नलमध्ये तिचा क्रमांक २४८ आहे. पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी एक्स ही चित्रप्रणाली प्रत्येक क्रमांकात ८ मिळवते आणि २५५ च्या पुढचे क्रमांक तिला कळतच नाहीत, त्यामुळे ही कळ अवघ्या एका अंकाने हुकते. तोडगा म्हणून अनेक लॅपटॉपांवर ती एफ२० असल्याचे भासवले जाते. कीबोर्डवर एफ२० कोठेच नसते, हे खरे. पण काम चोख होते.

एफएन कळ धरल्यावर काय व्हावे, हे मात्र बहुतेक लॅपटॉपांत फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच भरलेली आज्ञावली ठरवते, आणि त्याचा दोष डेबियनला देऊ नये. लिबरऑफिसमध्ये शुद्धलेखन तपासायला एफ७ आणि शैलींसाठी एफ११ सतत लागणाऱ्या माझ्यासारख्याने, एफएन न धरताच या कळा चालाव्यात म्हणून, एफएन आणि एस्केप एकत्र दाबून पाहावे. ती सोय नसल्यास बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये शोधावे.

कळांबाबत माझे मत एकंदर अनुकूल आहे, तरीही डिस्कवरचे काहीही पुसण्यापूर्वी डेबियनची लाइव्ह, म्हणजे न बसवताच चालणारी आवृत्ती पेन ड्राइव्हवरून सुरू करून संपूर्ण ओळ तपासावी. उजेडाची कळ अडलीच, तर ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून वरील शब्द त्या एका वेळेपुरते जोडता येतात.