ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीचे राष्ट्रीय पोर्टल: शाळकरी मुलांना कितपत उपयोगी?
2020 मध्ये सुरू झालेल्या या सरकारी पोर्टलचा मोठा गुण म्हणजे ट्रान्सजेंडर ओळखीच्या प्रमाणपत्राच्या अर्जासाठी जिल्हाधिकारी कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. 2020 च्या नियमांत पहिल्या प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय तपासणीची अट नव्हती. प्रतिज्ञापत्र लागते, जिल्ह्यात सलग एक वर्ष वास्तव्य लागते. प्रमाणपत्र देण्याची मुदत 30 दिवस. नकार आला तर 90 दिवसांत अपील.

खरे काम त्यानंतरचे. प्रमाणपत्र जोडून शाळेकडे, बोर्डाकडे अर्ज केल्यावर नाव, लिंग, फोटो 15 दिवसांत बदलून द्यायचे असतात. अर्ज लेखीच द्या, तारखेसह पोच घ्या; तोंडी विनंतीचे दिवस मोजणार कसे?

उणीव गंभीर आहे: 18 वर्षांखालील मुलांचा अर्ज पालकांनीच करायचा. घरातूनच विरोध असलेल्या मुलांना हे दार बंद, आणि सर्वांत जास्त गरज त्यांनाच.