विल्सनचा ‘द ड्यूक’: जायंट्सच्या घरातलं नाव, वाशी-नेरूळच्या हवेत

ऑनलाइन ‘ड्यूक बॉल’ शोधलं की आधी इंग्लंडचा क्रिकेटचा लाल चेंडू समोर येतो. तो ड्यूक्स वेगळा. हे परीक्षण विल्सन कंपनीच्या ‘द ड्यूक’चं, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या सामन्यांत वापरतात त्या चामडी बॉलचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतच भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी फ्लॅग फुटबॉलला (अमेरिकन फुटबॉलचा प्रकार, ज्यात प्रतिस्पर्ध्याला पाडण्याऐवजी त्याच्या कमरेची पट्टी ओढतात) मंजुरी मिळाली. ठाणे-नवी मुंबईत कुणी टीम उभी करायला घेतली की पहिला प्रश्न बॉलचाच येतो. बॉल अव्वल आहे, यात शंका नाही. पण आपल्याकडे तो पावसाळा सोडूनच वापरावा, आणि खोक्यातून काढून थेट मैदानात तर मुळीच नेऊ नये.

आधी नावाबद्दल, कारण या बॉलवर एनएफएलमधल्या न्यूयॉर्क जायंट्स संघाचा अख्खा इतिहास छापलेला आहे. टिम मारा या बुकमेकरने १९२५ मध्ये ५०० डॉलर मोजून न्यूयॉर्कसाठी संघ घेतला. त्याच्या धाकट्या मुलाचं नाव वेलिंग्टन, ड्यूक ऑफ वेलिंग्टनवरून ठेवलेलं. नऊ वर्षांचा हा मुलगा सीमारेषेवर खेळाडूंच्या मागेपुढे असायचा, म्हणून खेळाडूच त्याला ‘ड्यूक’ म्हणू लागले. १९३० मध्ये वडिलांनी संघ दोन्ही मुलांच्या नावावर केला, तेव्हा वेलिंग्टन १४ वर्षांचा होता. १९४१ मध्ये विल्सन लीगचा अधिकृत बॉल बनवू लागली आणि शिकागो बेअर्सच्या जॉर्ज हॅलसच्या पुढाकाराने त्या बॉलला ‘द ड्यूक’ हे नाव मिळालं. प्रतिस्पर्धी संघाच्या मालकाने दिलेला हा मान आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टीव्हीचा पैसा सर्व संघांत सारखा वाटायचं ठरलं. न्यूयॉर्कसारखी सगळ्यात मोठी बाजारपेठ हातात असूनही मारा बंधूंनी होकार दिला. ग्रीन बेसारख्या छोट्या गावाचा संघ आजही टिकून आहे, त्यात या होकाराचा मोठा वाटा आहे. १९७० मध्ये एनएफएल आणि एएफएल या दोन लीग एकत्र आल्यावर बॉलवरचं नाव गेलं. ऑक्टोबर २००५ मध्ये वेलिंग्टन मारा वारले आणि २००६ च्या हंगामापासून ते परत आलं. बॉलवर नुसता छाप म्हणून बघायचं हे नाव नाही.

आता बॉल. ‘पिगस्किन’ म्हणायची पद्धत असली तरी चामडं गाईचं, शिकागोच्या हॉरवीन टॅनरीत कमावलेलं. ओहायोतल्या एडा गावच्या कारखान्यात चार तुकडे उलट्या बाजूने शिवतात, वाफेवर मऊ करून हाताने सुलटे करतात, आत ब्लॅडर (हवेची पिशवी) घालून लेस हातानेच ओवतात. लांबी ११ ते ११.२५ इंच, वजन १४ ते १५ औंस, म्हणजे साधारण ४०० ते ४२५ ग्रॅम. पृष्ठभागावर बारीक दाणे असतात. ग्रिप या दाण्यांमुळे आणि लेसमुळे मिळते. लेसवर बोटं नीट बसली की स्पायरल (स्वतःभोवती फिरत जाणारा बॉल) आपोआप सरळ जातो.

नवा बॉल मात्र निसरडा असतो, वर मेणाचा थर असतो म्हणून. जायंट्सच्या सामान सांभाळणाऱ्या लोकांनी संघाचा बॉल फेकणारा खेळाडू इलाय मॅनिंग याच्यासाठी बॉल कसे तयार केले, ते इथे उपयोगी पडतं. नवा बॉल ब्रशने पाऊण तास जोरात घासायचा, मेण निघून रंग गडद होईपर्यंत. मग ओल्या टॉवेलने चोळून वरचं चामडं भिजवायचं, ओलं असतानाच पुन्हा ब्रश, नंतर विजेवर फिरणाऱ्या चाकावर घासणं, आणि रात्रभर वाळवणं. हे सगळं आणखी दोनदा. त्यानंतर बॉल सरावात जातो आणि तिथे मुरल्यावरच सामन्यासाठी निवडला जातो. २००६ पासून प्रत्येक संघ आपल्या आक्रमणासाठीचे बॉल स्वतःच तयार करू शकतो, त्यामुळे एवढी मेहनत कारणी लागते.

घरी चाकाची गरज नाही. बूट-पॉलिशचा घोड्याच्या केसांचा कोरा ब्रश घ्या. आधी पॉलिश लागलेला नको. दाण्यांच्या मधल्या फटींतून मेण पांढरट भुकटीसारखं वर येतं, ते ओल्या कपड्याने पुसत राहायचं. टॉवेल पिळून घ्यायचा, पाणी ठिबकता कामा नये, आणि लेसच्या भोकांपासून लांबच ठेवायचा. वाळवायचा पंख्याखाली. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवला की चामडं ताठरतं आणि दाण्यांवर भेगा पडतात. खोबरेल तेल अजिबात लावू नका, बॉल मऊ दिसेल पण हातातून सुटेल.

हवेच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. नियमात दाब १२.५ ते १३.५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). सायकलवाल्याकडे किंवा पेट्रोल पंपावर भरायला नेलात तर तिथला कॉम्प्रेसर टायरसाठी असतो. दोन सेकंद जास्त झाले की शिवण ताणली जाते आणि टोकदार बॉल पोटात फुगतो. तो पुन्हा आकारात येत नाही. हातपंप, साधी फुटबॉलची पिन आणि छोटा गेज एवढंच लागतं. पिन ओली करून सरळ घाला. कोरडी किंवा तिरकी घातली की व्हॉल्व्ह फाटतो.

हवा कुठे भरता हेही महत्त्वाचं आहे. एसीत २५ अंशांना १३ पीएसआय भरलेला बॉल ३५ अंशांच्या मैदानावर १३.९ च्या आसपास जातो, म्हणजे मर्यादेबाहेर. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ५५ अंश झाले तर जवळपास १६. याच्या उलट प्रकार जानेवारी २०१५ मध्ये एनएफएलच्याच न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाच्या सामन्यात गाजला. तिथे खोलीतून थंड मैदानात गेल्यावर दाब किती आपोआप उतरला आणि किती कुणी उतरवला, यावर कोर्टापर्यंत वाद झाला. आपल्याकडे उपाय सोपा आहे: बॉल मैदानावर अर्धा तास सावलीत ठेवा आणि मगच गेज लावा.

मैदान कुठलं, यावरही आयुष्य ठरतं. टर्फवरचे काळे रबरी दाणे चिकट चामड्याला धरून बसतात, पण ब्रशने निघतात. लाल मातीची धूळ जास्त वाईट, कारण ती घामात कालवून दाणे बुजवते. खेळ संपल्यावर लगेच ओल्या फडक्याने पुसलं तर निभावतं, दुसऱ्या दिवशीवर टाकलं की नाही. काँक्रीटवर तर नेऊच नका, टोकाकडची शिवण आधी झिजते.

पावसाळ्यात हा बॉल घरी ठेवा. भिजला की चामडं पाणी पितं, वजन वाढतं आणि फेक आखूड पडते. पामबीच रोडच्या बाजूच्या घरांत जुलैमध्ये कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे बॉल सुटणार नाही. थोडी हवा काढा, सुती पिशवीत ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. प्लास्टिकच्या पिशवीत नको. बुरशी दिसलीच तर कोरड्या ब्रशने झटकून वाऱ्यावर ठेवा.

खरेदी करताना एक नीट बघा. ‘द ड्यूक’ याच नावाने रेप्लिकाही मिळते, तिच्यावरही लीगचं चिन्ह असतं. वर्णनात ‘कंपोझिट’ असेल तर ते कृत्रिम, चामडं नव्हे. अस्सल बॉलची किंमत अमेरिकेतच १०० डॉलरच्या वर आहे, इथे मागवताना कस्टमचा खर्च वेगळा. त्यामुळे फारच स्वस्तात दिसला तर तो रेप्लिका समजा. रेप्लिका वाईट नाही. ती पाणी पीत नाही आणि नवशिक्यांच्या हातून मातीत लोळली तरी जीव हळहळत नाही. मुरल्यावर येणारी चिकट ग्रिप मात्र तिला कधीच येत नाही.

मुलांसाठी मोठ्यांचा बॉल घेऊच नका. ९ ते १२ वर्षांना ‘ज्युनिअर’, १२ ते १४ ला ‘यूथ’ साइज. हात पुरला नाही की मूल बॉल तळव्यावर ठेवून ढकलायला शिकतं, आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो. टीमसाठी घेत असाल तर आधी दोन कंपोझिट घ्या, पावसाळा त्यावर काढा. फेकणारा ठरला की ऑक्टोबरमध्ये एक चामड्याचा घ्या आणि तो त्याच्याच हातात मुरू द्या.