टेलिमानस १४४१६ : आईसाठी कोपीवरून लावलेला फोन

आमची आई वीस वर्षं बीडहून ऊसतोडीला जाते. पस्तिशीतच तिची गर्भाची पिशवी काढली. खासगी दवाखान्यात कुणी नीट समजावलं नाही, "काढून टाका, कटकट मिटंल" एवढंच. अशा बाया इतक्या निघाल्या की २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. पण नंतर आईची झोप उडाली, छातीत धडधडायचं, रडू यायचं. घरात म्हणायचे, बाहेरचं झालंय.

यंदा कोपीवरून, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या आमच्या झोपडीवरून, टेलिमानसचा १४४१६ लावला. ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. मोफत, दिवसरात्र, मराठीत. फोनवरच्या समुपदेशक ताई अजिबात घाईत नव्हत्या. आई आधी "काय नाय, बरंय" म्हणाली. मग त्यांनी विचारलं, "खाडा झाला तर मुकादम किती कापतो?" आणि आई जी बोलायला लागली ती थांबेचना. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, पहाटे तीनचं उठणं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना येणारी चक्कर. आईचा आजार आणि उचलीचा हिशेब एकच आहे, हे त्यांनी ओळखलं!

श्वासाचा व्यायाम शिकवला, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराला दाखवा म्हणाल्या. खाड्याच्या भीतीनं आई अजून गेलेली नाही. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मी नेणार आहे.