‘श्वास’ आणि ‘इकिरू’: खरं सांगायचं कुणी?

आवडत्या सिनेमांची माझी यादी लांबलचक आहे, पण माझ्याकडून एक अवघड गोष्ट करून घेतली ती दोनच सिनेमांनी.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ २००४ मध्ये आला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करसाठी भारताकडून तोच गेला. तेव्हा पाहून मी खूप रडले आणि नंतर विसरूनही गेले. गोष्ट साधी आहे. कोकणातले आजोबा नातवाला, परशाला, डोळे दाखवायला शहरात आणतात. निदान होतं रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याला होणारा कॅन्सर. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. आणि ऑपरेशनआधी मुलाला हे सांगायला हवं, असा डॉक्टरांचा आग्रह.

इथून सिनेमा माझा ताबा घेतो. अरुण नलावडेंचे आजोबा सांगायला तोंड उघडतात आणि शब्द घशातच राहतात. ते काही अडाणी किंवा भित्रे म्हणून दाखवलेले नाहीत. नातवावर जीव आहे म्हणूनच त्यांना सांगवत नाही. ऑपरेशन पुढे ढकललं जातं तेव्हा ते कुणाला न विचारता परशाला घेऊन हॉस्पिटलबाहेर पडतात, त्याने जग एकदा डोळे भरून पाहावं म्हणून. अश्विन चितळेचा परशा त्या दिवशी जे दिसेल त्याच्याकडे टक लावून बघतो. पार्श्वसंगीत काही ठिकाणी जरा जास्त होतं, पण या भागात त्याच्याकडे लक्षही जात नाही.

दुसऱ्यांदा ‘श्वास’ पाहिला तेव्हा बाबा आजारी होते. गाठ साधी नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त त्यांना नाही. ‘त्यांना सांगू नका, खचतील,’ असा सल्ला सगळीकडून मिळाला होता आणि आम्ही तो मुकाट्याने पाळत होतो. फाईल कपाटात साड्यांखाली ठेवली होती.

त्याच आठवड्यात जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा ‘इकिरू’ पाहिला. १९५२ चा, कृष्णधवल, जवळपास अडीच तासांचा. सरकारी कचेरीत तीस वर्षं शिक्के मारत बसलेल्या वातानाबेला पोटाचा कॅन्सर होतो. दवाखान्यात शेजारी बसलेला एक माणूस त्याला आधीच सांगून ठेवतो की, कॅन्सर असला की डॉक्टर साधा अल्सर म्हणतात, हवं ते खा म्हणतात. आत गेल्यावर डॉक्टर अगदी तेच बोलतात. वातानाबे झालेल्या ताकाशी शिमुरांच्या हातातून कोट गळून पडतो. पुढे वातानाबे मुलाला सांगायला जातो, तर मुलगा भलताच संशय घेऊन त्याचं बोलणं तोडतो. वातानाबे वारल्यावर मुलाला कळतं की वडिलांना सगळं माहीत होतं. शेवटी जमलेले सहकारी त्याच्याबद्दल बोलत बसतात तो भाग पहिल्यांदा मला फार लांबला असं वाटलं होतं. आता वाटतं, ज्यांनी त्याला कधी नीट विचारलं नाही त्यांना एवढं बोलायला लागणारच.

ती डॉक्टरची खोली माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आमच्या घरी बाबांशी आम्ही तेच बोलत होतो, जवळजवळ त्याच शब्दांत.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाईल काढून बाबांच्या मांडीवर ठेवली. तोंडून एवढंच निघालं, “बाबा, गाठ साधी नाहीये.” त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक कागद ओळीखाली बोट धरून वाचला. एका रिपोर्टवर त्यांचं नाव चुकीचं छापलं होतं, ते आधी पेनने दुरुस्त केलं. मग विचारलं, “तुझ्या आईला माहितीये?” मी हो म्हणाले. “कधीपासून?” दोन महिने, म्हणाले. “एकटीने सोसत होती म्हणजे,” ते म्हणाले आणि उठून आत आईकडे गेले. दार लावून दोघं बराच वेळ बोलत होते.

तुमच्या घरात असं काही दडवून ठेवलं असेल तर हे दोन्ही सिनेमे पाहा. आधी ‘इकिरू’, मग ‘श्वास’. आम्ही ‘श्वास’ बाबांसोबतही पाहिला. होडीतून घरी परतणारा परशा त्यांनी मला पुन्हा लावायला सांगितला, आणि दुसऱ्यांदा पाहताना आईचा हात हातात घेतला.