१६ महिने, २७ बॅचेस: घरच्या बिअर सेटअपवर मी खर्च उलट्या क्रमाने केला

माझ्या सेटअपमधली सगळ्यात देखणी वस्तू म्हणजे ३५ लिटरची इलेक्ट्रिक मशीन. पंप आहे, डिजिटल पॅनेल आहे, टायमर आहे. घरी कोणी आलं की आधी तिच्याकडेच बघतं. सगळ्यात कळकट वस्तू म्हणजे तिच्या शेजारचा जुना फ्रिज. दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलंय, ते मी टेपने धरून ठेवलंय. बिअर सुधारली ती या फ्रिजमुळे. मशीनने माझी कंबर वाचवली, चव होती तीच राहिली.

पण हे कळायला वेळ लागला, कारण मी बहुतेक गोष्टी चुकीच्या क्रमाने घेतल्या. तेव्हा आधी हेच सांगतो, म्हणजे तुमचं तेवढं तरी वाचेल. (घरी बिअर बनवायला तुमच्याकडे कायद्याची मुभा आहे की नाही, ते मात्र पहिलं भांडं घ्यायच्या आधी बघा.)

सुरुवातीला होतं ते असं: स्टीलचं मोठं पातेलं, त्याच्या अंगालाच बसवलेला तबकडीचा थर्मामीटर, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवायला बारीक जाळीची पिशवी, ३० लिटरची तोटीवाली प्लास्टिकची बादली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप), हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत घनता दाखवणारी काचेची नळी; आकडा जितका खाली, तितकी साखर कमी उरली), बाटल्या आणि बुचं दाबायचं यंत्र. पिशवीची ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी रुळवली आणि नवख्यासाठी ती अजूनही उत्तम आहे असं माझं मत आहे. एकाच पातेल्यात भरडलेलं माल्ट तासभर भिजवायचं, पिशवी उचलून निथळू द्यायची आणि खाली राहिलेला गोड काढा, म्हणजे वर्ट, तिथेच हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी फुलं, घालून उकळायचा. भांडी कमी, घासणं कमी.

पहिल्या चार बॅचेस वाईट नव्हत्या, पण जड आणि गोडसर होत्या. हायड्रोमीटर १.०१८ च्या खाली उतरायला तयार नव्हता. मी यीस्ट बदललं, जास्त घातलं, बादली हलवून पाहिली. दोष निघाला तबकडीत. बर्फाच्या पाण्यात बरोबर शून्य दाखवणारा एक साधा डिजिटल थर्मामीटर आणला आणि मॅशमध्ये, म्हणजे पाण्यात भिजलेल्या माल्टमध्ये, दोन्ही शेजारी शेजारी धरले. तबकडी म्हणत होती ६७, डिजिटल म्हणत होता ७०.५. साडेतीन अंशांनी काय बिघडतं असं वाटेल. पण माल्टमधल्या स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स इथे फार नखरेल असतात. बीटा अमायलेज ६२ ते ६५ अंशांना खुशीत काम करतं आणि यीस्टला खाता येईल अशी साखर देतं. सत्तरीच्या वर ते झपाट्याने मरतं. मागे उरतं अल्फा अमायलेज, आणि एकट्याने ते काम करतं तेव्हा यीस्टला न पचणारे लांब तुकडे बरेच शिल्लक राहतात. माझ्या बिअरचा जडपणा तिथून येत होता. पाचवी बॅच खऱ्या ६६ अंशांवर केली आणि ती १.०११ ला थांबली. पातेल्यावरची तबकडी अजून तिथेच आहे, शोभेला.

याच सुमाराची दुसरी गोष्ट पाण्याची. दुसऱ्या बॅचची बाटली एका मित्राला दिली. त्याने एक घोट घेतला, ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाला, "अरे, याला दवाखान्याचा वास येतोय." वाईट वाटलं, पण अचूक बोलला होता. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माल्टमधल्या फिनॉल्सना भेटलं की क्लोरोफिनॉल तयार होतं आणि ते अगदी किंचित असलं तरी जिभेला कळतं. त्यात बादली मी ब्लीचने धुतली होती, म्हणजे दुहेरी सोय. आता पाणी तापवायच्या आधी चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाकतो आणि ब्लीच घराच्या त्या बाजूला फिरकू देत नाही. निर्जंतुक करायला फॉस्फोरिक आम्लाचं, फेस येणारं, नंतर धुवावं न लागणारं द्रावण वापरतो. पूर्ण सेटअपमधली ही सगळ्यात स्वस्तातली सुधारणा.

भरड करायची चक्की घेतली तेव्हा लगेच फरक पडला. रोलरमधली फट साधारण १ मिलिमीटरवर आणली आणि त्याच माल्टमधून निघणारी साखर ६१ टक्क्यांवरून ७४ वर गेली. याहून जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आता फ्रिज. यीस्ट काम करताना स्वतःची उष्णता तयार करतं, हे मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. खोलीत २२ अंश होते म्हणून मी निर्धास्त होतो. एकदा सहज बादलीत थर्मामीटर सोडला तर आत २७. त्या तापमानाला बहुतेक एल यीस्ट (एल प्रकारच्या बिअरचं) घाई करतं आणि त्या घाईत जड अल्कोहोल आणि फळांसारख्या वासाची एस्टर्स भरपूर सोडतं. पिताना घशाला चटका लागतो आणि नेलपॉलिशसारखा वास येतो. जुना फ्रिज मिळाला, त्याला बाहेरून टेंपरेचर कंट्रोलर जोडला आणि मग नववी बॅच मुद्दाम दोन बादल्यांत निम्मी निम्मी ओतली. काढा एकच, यीस्ट एकाच पाकिटातलं. एक बादली फ्रिजमध्ये १८ अंशांवर, दुसरी खोलीत. दोघींची सुरुवात १.०५० ला, शेवट १.०११ ला, म्हणजे दोन्हीकडे अल्कोहोल साधारण ५.१ टक्के. आकड्यांत जुळ्या बहिणी. ग्लासात मात्र एक स्वच्छ, माल्टची चव पुढे आणणारी, आणि दुसरीत पिकलेल्या केळ्याचा वास वर थिनरचा फटका. घरात कोणाला न सांगता दोन ग्लास पुढे केले, सगळ्यांनी एकच उचलला. खोलीतल्या बाटल्या मी एकट्याने संपवल्या, बऱ्याच दिवसांत.

कंट्रोलर लावताना एक चूक केली, ती सगळेच करत असावेत. सेन्सर फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवला. हवा पटकन गार होते, पटकन तापते, त्यामुळे कंप्रेसर दर काही मिनिटांनी घुर्र करून चालू, परत बंद. इकडे बादलीतली बिअर आपल्याच तंद्रीत. आता सेन्सर बादलीच्या अंगाला, काढ्याच्या पातळीखाली टेपने चिकटवतो आणि त्यावर फोमचा जाड तुकडा बांधतो. अर्ध्या अंशाच्या आत राहते. कंप्रेसर बंद झाल्यावर परत चालू व्हायला किमान पाच मिनिटांची सक्ती कंट्रोलरमध्ये घालून ठेवा, नाहीतर फ्रिज लवकर जातो. आतमध्ये एक हीटिंग बेल्टही आहे. शेवटचे दोन-तीन दिवस तापमान २१ पर्यंत चढवतो, म्हणजे यीस्टनेच आधी सोडलेलं डायअ‍ॅसिटिल, ज्याने लोण्यासारखी चव येते, ते यीस्टच परत खाऊन टाकतं.

उकळलेला काढा थंड करायची तांब्याची कॉइल याच काळात आली. नुसती बुडवून पाणी सोडलं तर ३५ मिनिटं लागायची. कॉइल हातात धरून काढा हळूहळू ढवळत राहिलो तर १८. फक्त एक लक्षात घ्या, नळाचं पाणी जितकं गार असेल त्याच्या खाली कॉइल काही नेऊ शकत नाही. मी काढा तिशीपर्यंत आणतो, मग बादली फ्रिजमध्ये ठेवतो आणि १८ झाल्यावरच यीस्ट घालतो. आधी मला धीर नव्हता. आता रात्रभर थांबतो, काही बिघडत नाही, अट एवढीच की बादली खरोखर निर्जंतुक हवी.

आणि तिथेच मी तोंडावर आपटलो. अकरावी, बारावी, तेरावी. ओळीने तीन बॅचेस बाटलीत गेल्यावर बिघडल्या. बूच उघडलं की अर्धी बाटली फेस होऊन बाहेर, उरलेली पाण्यासारखी पातळ, मागून लवंगेसारखी चव. हायड्रोमीटर १.००३. म्हणजे माझं यीस्ट जे सोडून देत होतं तेही कोणीतरी खात होतं. बाटल्या फुटायची भीती इतकी की त्या जाड पेटीत घालून, हातात मोजे आणि डोळ्यांना चष्मा लावून एकेक उघडल्या. साखर मी लिटरला ६ ग्रॅमच घातली होती, वजन करून. नळ्या नवीन घेतल्या. बादली उकळत्या पाण्याने धुतली. उपयोग शून्य.

शेवटी एका दुपारी बादलीची तोटी काढली आणि गरम पाण्यात टाकली. प्लास्टिक सैल झालं तशी आतली फिरती नळी अंगठ्याने मागून ढकलली. टक् करून बाहेर आली. तोवर मला ती तोटी अखंड आहे असंच वाटत होतं. आतल्या नळीवर चहूबाजूंनी तपकिरी, बुळबुळीत थर, नखाने खरवडला तर गोळा झाला, आणि वास असा की हात दोनदा धुतले. दर बॅचला मी बिअर याच थरातून बाटलीत सोडत होतो. बाहेरून कितीही निर्जंतुक द्रावण ओता, त्या फटीत ते पोहोचत नाही. आणि मळ असेल तर पोहोचूनही उपयोग नसतो. तोटी फेकली, दोन नव्या घेतल्या. आता प्रत्येक बॅचनंतर तोटी सुटी करून ब्रशने घासतो. त्यानंतरच्या १४ बॅचेसमध्ये एकही गेली नाही. तोट्या विकणाऱ्याने ती उघडते हे कागदावर एका ओळीत लिहिलं असतं तर माझी साठ लिटर बिअर वाचली असती, हा राग अजून आहे.

सोळाव्या बॅचपासून केग्ज, म्हणजे दाब सोसणारी स्टीलची पिंपं, आले. १९ लिटरचे कॉर्नेलियस केग, जे मुळात शीतपेयाच्या सिरपसाठी बनवलेले. बाटल्या धुण्यातून सुटका हे खरं कारण, पण खरा फायदा निघाला ऑक्सिजनचा. हॉप्स भरपूर असलेली बिअर माझ्या बाटल्यांत तीन आठवड्यांत तपकिरी पडायची आणि तिला ओल्या पुठ्ठ्याची चव यायची. आता केग निर्जंतुक करायच्या द्रावणाने काठोकाठ भरतो, ते कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बाहेर ढकलतो आणि बिअर बंद नळीतूनच आत घेतो. दोन महिन्यांनीही रंग तसाच.

केगचा ताप वेगळा. पहिला महिनाभर नुसता फेस यायचा, कारण केगमधून ग्लासात बिअर आणणारी नळी एक मीटरची होती. ४ अंशांना साधारण ०.८ बार दाब ठेवला तर ५ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी तीनेक मीटर तरी लागते, तेव्हा कुठे धार शांत पडते. एकदा कार्बन डायऑक्साइडचा भरलेला सिलिंडर रात्रीत रिकामा झाला, झाकणाच्या गॅस्केटला केसाएवढी चीर. तेव्हापासून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतो. सिलिंडर लहान बंद खोलीत ठेवत असाल तर ही तपासणी नुसती काटकसर नाही, हा वायू साचला तर जीवावर बेततं.

पीएच, म्हणजे आम्लता, मोजायच्या मीटरबद्दल थोडं. पीएचची मोजपट्टीच मुळात बिअरवाल्यांच्या घरातली, १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी मांडलेली. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ असावा. माझ्या फिक्या रंगाच्या बिअर ५.९ ला होत्या, आता थोडं लॅक्टिक आम्ल घालून ५.४ ला आणतो, कडवटपणातला खरखरीतपणा गेला. मीटर मात्र आठ महिन्यांत मेला, कारण मी त्याचा इलेक्ट्रोड साध्या पाण्यात ठेवत होतो. तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचा असतो.

आणि मशीन, जी मी शेवटी घेतली आणि खरं तर जिचीच स्वप्नं पहिल्यापासून पाहत होतो. २,५०० वॉट. २७ लिटर पाणी २५ वरून ७१ अंशांवर न्यायला कागदावर ३५ मिनिटं येतात, माझ्याकडे ४० लागतात. रात्री टायमर लावला की सकाळी पाणी तयार. मॅशचं तापमान स्वतः सांभाळते, ओली गरम पिशवी उचलण्याऐवजी आतली टोपली कडीवर टांगायची. गव्हाचं माल्ट जास्त घेतलं की मात्र बुडाला पीठ बसून करपतं, आणि पंपाच्या जाळीत हॉप्सचा चिखल हमखास. पातेल्यातली बिअर आणि मशीनमधली बिअर मी डोळे मिटून ओळखू शकत नाही. वेळ आणि पाठ हे ज्यांचे प्रश्न आहेत त्यांनी जरूर घ्यावी. चवीसाठी घेत असाल तर थांबा, आधी कुठूनतरी एक चालू फ्रिज पैदा करा.

२८ व्या बॅचचं माल्ट भरडून डब्यात आहे. मशीनच्या बुडालाही एक व्हॉल्व्ह आहे, तीन तुकड्यांचा, आणि तो मी घेतल्यापासून एकदाही उघडलेला नाही हे वरचं लिहिताना ध्यानात आलं. पाना काढून ठेवलाय. उद्या पाणी भरण्याआधी तो उघडतो.