मेन सम्पातला लेव्हल सेन्सर : एक पावसाळा वापरल्यानंतर

आमची भूमिगत कोळसा खाण वर्धा नदीच्या खोऱ्यात आहे. पिलर, म्हणजे छताला आधार देणारे कोळशाचे खांब, काढलेल्या भागावरची जमीन खचते, भेगा पडतात. दरवर्षी माती टाकून त्या बुजवतात, तरी पावसाचं पाणी वाट काढतंच आणि शेवटी डिपकडच्या, म्हणजे खाणीच्या उताराच्या खालच्या बाजूच्या, मेन सम्पात येतं. सम्प म्हणजे पाणी साठवून पंपाने वर काढायचा खड्डा. मी इलेक्ट्रिकलचा सुपरवायझर. गेल्या मे महिन्यात या सम्पाला पाण्याची पातळी मोजणारा लेव्हल सेन्सर लावला. पावसाळा आणि हिवाळा काढून आता लिहितोय.

आधी फ्लोट स्विच होता आणि भिंतीवर रंगवलेली पट्टी. पंप चालवणारा खलाशी पट्टी बघून फोनवर आकडा सांगायचा. पण फ्लोट एवढंच सांगतो की पाणी इथवर आलं. किती वेगाने आलं, ते त्याला कळत नाही. आता वरच्या खोलीत पातळीची रेषा दिसते आणि माझ्या मते पैसे इथेच वसूल होतात. आमच्याकडे पाऊस पडला की लगेच पाणी वाढत नाही, गोफमधून, म्हणजे कोळसा काढून खचलेल्या भागातून, झिरपत यायला वेळ लागतो. ऑगस्टमध्ये एका रात्री वर आभाळ कोरडं होतं, दोन्ही पंप चालू होते, तरी रेषा चढत होती. ओव्हरमनने (पाळीवर देखरेख करणारा) तळाच्या गॅलऱ्यांतली, म्हणजे बोगद्यांतली, माणसं पाणी पायाला लागण्याआधीच वर घेतली आणि मग राखीव पंप जोडला. पूर्वी हा निर्णय ट्रॅक बुडायला लागल्यावर व्हायचा.

सुरुवातीला पुरवठादाराने अल्ट्रासॉनिक, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पातळी मोजणारा सेन्सर दिला होता. तो आमच्या सम्पाला मानवला नाही. दमट हवेत त्याच्या तोंडावर थेंब साचायचे, कोळसा काढतात तिथून येणाऱ्या पाइपचं पाणी कोसळतं तिथे फेस व्हायचा आणि आकडा उड्या मारायचा. रेडिओ लहरींचा रडार सेन्सर या बाबतीत चांगला म्हणतात, पण आमच्या बजेटमध्ये बसला नाही. शेवटी पाण्यात सोडायचा प्रेशर प्रोब घेतला, तो वरच्या पाण्याच्या दाबावरून पातळी सांगतो. एक मीटर पाणी म्हणजे साधारण 0.1 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब, हिशोब सोपा. गढूळ पाणी जड असल्यामुळे तो पातळी थोडी जास्त दाखवतो. म्हणजे चुकलाच तर सुरक्षित बाजूला चुकतो.

त्याचा खरा शत्रू गाळ. सप्टेंबरमध्ये रेषा एकदम सपाट झाली, पंप मात्र पाणी ओढत होते. पंप चालू असताना पातळी जागेवर राहिली तर आधी प्रोबवर संशय घ्यायचा. वर ओढून बघितला, तर टोपीची सगळी भोकं कोळशाच्या काळ्या लगद्याने ठासून भरलेली. ब्रशने घासून धुतला, भोकं पाडलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपमध्ये तळापासून वर टांगला, तेव्हापासून त्रास कमी आहे. तरी दर आठवड्याला धुवावाच लागतो. केबलमध्ये हवेसाठी बारीक नळी असते. तिच्या तोंडाशी ओलावा शोषणारे दाणे असतात, त्यांचा रंग बदलला की ते बदलायचे. खाणीतल्या दमट हवेत ते फार टिकत नाहीत. हे काम कोणाच्या तरी नावावर लिहूनच द्या, नाहीतर होत नाही.

वायर तुटली तर मात्र लपत नाही. सिग्नल 4 ते 20 मिलिअँपिअर आहे, शून्य पातळीलाही 4 असतात. त्याखाली घसरला की बिघाड समजायचा. फ्लोटची वायर तुटल्याचं आम्हाला कळायचंच नाही. पण गाळाने अडकलेला प्रोब खरा वाटेल असा आकडा दाखवत राहतो, म्हणून जुना फ्लोट हाय लेव्हल अलार्मसाठी वेगळ्या वायरवर ठेवलाय. तो काढू नका, कोणी कितीही सांगो.

खाणीतल्या हवेत मिथेन हा पेट घेणारा वायू 1.25 टक्क्यांवर गेला की वीज तोडावी लागते, म्हणजे पंप बंद. पातळी कळण्याची गरज नेमकी तेव्हाच सगळ्यात जास्त असते. आमचा प्रोब इंट्रिन्सिकली सेफ आहे, म्हणजे वायू पेटवेल अशी ठिणगी त्यातून पडत नाही, आणि बॅटरीवर चालू राहतो. डीजीएमएसची (खाण सुरक्षेचं केंद्र सरकारी खातं) मान्यता आणि हे बॅकअप, दोन्ही कागदावर बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

एक गैरसमज मात्र ठेवू नका. 27 डिसेंबर 1975 ला झारखंडमधल्या चासनाळा खाणीत जुन्या कामातलं, म्हणजे पूर्वी खोदून सोडून दिलेल्या भागातलं, पाणी घुसलं आणि 370 हून अधिक माणसं गेली. 2001 मध्ये झारखंडमधल्याच बागडिगी खाणीतही पाणी असंच आलं, 29 जण गेले. असं पाणी आलं की सम्पातला सेन्सर वाचवत नाही. तिथे पाणी भरलेल्या कामापासून 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय न जाणं आणि पुढे बोअर मारत जाणं, हेच कामाचं. सेन्सर लावायचाच तर त्या जुन्या कामात, वरून मारलेल्या बोअरमध्ये लावावा, म्हणजे बॅरियरमागे (मध्ये सोडलेली कोळशाची भिंत) पाण्याचा किती मीटरचा भार उभा आहे ते रोज कळेल. आमच्या शेजारच्या बंद डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे खाणीच्या बंद केलेल्या विभागात, तसा बोअर आहे. सध्या त्यात महिन्यातून एकदा टेप सोडून पाणी मोजतात. तिथे कायमचा प्रोब द्यावा म्हणून मी लेखी मागणी केली आहे. पावसाळ्याआधी तो लागलाच पाहिजे, यासाठी मी मागे लागलोय.