तंबूबाहेरची रांग आणि चोविसावी मुलगी

सर्कशीवरच्या मुलांच्या पुस्तकांत बहुतेकदा सर्कसच सगळी जागा अडवून बसते आणि ती पाहायला आलेली मुले पानाच्या तळाशी नुसती काळी डोकी होऊन उरतात. शाळेच्या सहलीची गोष्ट सांगणाऱ्या या 32 पानी चित्रपुस्तकात याच्या उलट घडते. पहिल्या जोडपानावर तंबू दिसतच नाही. दिसते ती हातात हात घालून उभी असलेली मुलांची रांग आणि बोट नाचवत डोकी मोजणाऱ्या बाई. मुले 24 आहेत. हा आकडा मजकुरात एकदाच येतो, पण पुढे प्रत्येक जोडपानावर तो चित्रात दडलेला असतो, त्यामुळे वाचणारे मूल नकळत बाईंच्या काळजीत वाटेकरी होते. माझ्या सहा वर्षांच्या भाचीने तिसऱ्या पानापासून सर्कशीकडे पाहणेच सोडले आणि ती मोजत बसली.

वाघ-सिंह, हत्ती या पुस्तकात नाहीत आणि त्यांची उणीव मला तरी भासली नाही. प्राणी म्हणून आहे तो एक घोडा, आणि त्याचे चित्र अभ्यास करून काढलेले आहे. फिलिप अ‍ॅस्टली या घोडेस्वाराने 1768 मध्ये लंडनमध्ये घोड्यावरच्या कसरती गोलाकार फेरीत दाखवायला सुरुवात केली आणि त्यातून आजच्या सर्कशीचे रिंगण घडले. त्याचा व्यास 42 फूट ठरला, कारण तेवढ्या वळणावर दौडणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभे राहणे स्वाराला साधते. पुस्तकात यातले काहीच सांगितलेले नाही, सांगण्याची गरजही नाही. मात्र घोडा आणि त्याच्या पाठीवर उभी असलेली मुलगी हे दोघेही रिंगणाच्या आतल्या बाजूला झुकलेले दाखवले आहेत, आणि त्या झुकण्यामुळेच चित्राला वेग आला आहे. तारेवर चालणाऱ्याच्या बाबतीत मात्र चित्रकाराने हात आखडता घेतला आहे. तोल सांभाळण्याची काठी त्याच्या उंचीच्या कितीतरी पट लांब असते आणि तिची टोके खाली वाकलेली असतात. इथे त्याच्या हाती चक्क छडी दिली आहे.

पुस्तकातली खरी चूक झोक्याच्या जोडपानावर आहे. झ्यूल लेओतार याने 1859 मध्ये पॅरिसमध्ये एका झोक्यावरून दुसऱ्यावर झेप घेऊन दाखवली, तेव्हापासून प्रेक्षकांचा श्वास रोखला जातो तो एकाच क्षणी: एकाने झोका सोडलेला असतो आणि दुसऱ्याचे हात अजून हाती लागलेले नसतात. चित्रकाराने तोच क्षण निवडला, खाली जाळीचा झोळही सुरेख रेखाटला, पण त्या दोघांचे हात जिथे भेटायचे ती जागा नेमकी दोन पानांच्या मधल्या घडीत गेली आहे. पुस्तक कितीही ताणून उघडले तरी मनगटांच्या पुढे काही दिसत नाही. चित्र दोन बोटे उजवीकडे सरकवले असते तरी भागले असते, आणि हे छपाईपूर्वी कुणाच्याच लक्षात येऊ नये याचे नवल वाटते.

मजकुराविषयी माझे मत तितकेसे अनुकूल नाही. दिवे मालवल्यानंतरचे पान या पुस्तकातले सर्वांत उत्तम पान म्हणता येईल: रिंगण नाही, कसरत नाही, अंधारात फक्त मुलांचे चेहरे. एकाने डोळे झाकले आहेत पण बोटांत फट ठेवली आहे. एकीचे लक्ष वर दोरी ओढणाऱ्या माणसाकडे आहे. एक जण शेजारच्याचा सदरा मुठीत धरून बसला आहे. आणि या चित्राखाली छापले आहे, ‘सर्व मुले आश्चर्यचकित झाली.’ मोठ्याने वाचताना मी त्या ओळीवर अंगठा ठेवतो.

सुदैवाने पडद्यामागच्या पानावर एकही ओळ नाही. तिथे पालथ्या बादलीवर बसलेला विदूषक, अर्धा चेहरा रंगवलेला आणि अर्धा पुसलेला, रांगेतून निसटलेल्या मुलीच्या बुटाची नाडी बांधून देत आहे. तिच्या नाकावर त्याने लाल रंगाचा ठिपका लावला आहे. समोरच्या पानावर बाई पुन्हा मोजत आहेत, आणि त्यांचे बोट हवेत थबकले आहे.

परतीच्या बसच्या चित्रात भाचीने तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा 23 च भरली. ‘मामा, ती तिथेच राहिली,’ असे म्हणून ती रडवेली झाली, आणि चित्रकाराच्या हातून एक मूल सुटले असावे असे मलाही वाटू लागले. मग चालकाच्या डोक्यावरच्या आरशात, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत, तिला तो लाल ठिपका सापडला. शोधण्याचा हा आनंद प्रकाशकाने मात्र शेवटच्या पानावर उत्तर छापून घालवला आहे. पुस्तक घेणाऱ्यांनी मुलांच्या हाती देण्याआधी तेवढे पान क्लिप लावून बंद करावे.